आधी घरी सांगते

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला, मोटार वाइंडिंगच्या दुकानापुढं उभ्या असलेल्या मोटारसायकलीला नंदाची स्कूटी धडकली, तेव्हा दुपारच्या उन्हात रस्त्यावर कुणीच नव्हतं. आरसा खळ्कन फुटला. त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला निघालेली नंदा इतकी घाबरली, की तिनं स्कूटी वळवली आणि... सरळ घर गाठलं.

पण घरी जीव लागेना. शिवायला घेतलेल्या ब्लाउजला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. नवरा, भारत, चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. तेव्हापासून ती सगळ्यांना "बरं चाललंय" म्हणत आली होती. बरं काहीच नव्हतं. आणि आता वर हे पळून येणं!

दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. तांब्याची तार गुंडाळत बसलेल्या दुकानदारानं, संपतनं, मान वर केली.

"काल तुमचा आरसा... मी फोडला. थांबायला पाहिजे होतं."

"माहिताय. आतच बसलो होतो मी."

"मंग हाक न्हाई मारली?"

"तुम्ही अशा पळाल्या... म्हणलं, हाक मारली तर बाई अजून कुणाला तरी धडकंल!"

नंदा खुदकन हसली. मग आपण हसलो, याचंच तिला नवल वाटलं.

"भरपाई काय देऊ?"

"संध्याकाळी शाळेच्या मैदानावर या. ब्रेक कुठं असतो, ते दाखवतो."

ती गेली. मग जातच राहिली.

"पुढं बघा," संपत मागून ओरडायचा.

"पुढंच बघून राह्यले!"

"न्हाई... आरशातून माझ्याकडं बघून राह्यल्या तुम्ही."

तिचे कान तापायचे. घरी परतल्यावर वाटायचं, उद्यापासून नको. आणि चार वाजले, की पाय घरात ठरायचे नाहीत.

एका संध्याकाळी अवकाळी भुरभुर सुरू झाली. दोघं शाळेच्या ओसरीत शिरले. संपतनं डोकं पुसायला खांद्यावरची दस्ती तिच्या पुढं धरली. ती घेताना बोटांना बोटं लागली — दोघांनीही हात जरा उशिराच मागं घेतले.

"एक सांगायचंय," तो बाहेर बघत म्हणाला. "बायको वारली, मंग मी प्यायला लागलो. बिलकुल वाहून गेल्तो. माझ्या लेकीला, पायलला, तिचा मामा त्याच्या गावी, धावड्याला घेऊन गेला. बराबरच केलं त्यानं. आता दोन साल झाले, शिवलो न्हाई. तिला भेटायला जातो. कधी बोलती, कधी तोंड फिरवती. तरी जातो." तो थांबला. "उद्याची गॅरंटी देत न्हाई मी. आजची देतो. आन्... तुम्ही मला आवडता."

नंदानं दस्तीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"आधी घरी सांगते. लपूनछपून मला जमायचं न्हाई."

"पिण्याचंबी सांगणार?"

"तेच आधी."

म्हणाली खरं, पण तोंड उघडेना. सासूबाईंपुढं, पुष्पाबाईंपुढं जायची, पाणी पिऊन परत यायची. शेवटी तुरीच्या शेंगा सोलताना तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. पुष्पाबाईंचे हात थांबले.

"माझ्या भारतची जागा त्याला देतीस का?"

"न्हाई आत्याबाई. ती कुणालाच देता येत न्हाई. पण मी... मी अजून हाये ना."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. सकाळी मात्र धुवट लुगडं नेसून त्या थेट संपतच्या दुकानात गेल्या. मागून नंदा.

"पितोस का?"

"न्हाई, मावशी."

"पुन्हा प्यालास तर?"

"तर मीच येऊन सांगीन तुम्हाला. दुसऱ्याच्या तोंडून कळू देणार न्हाई."

पुष्पाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"तुझ्या लेकीला इचारल्याबिगर काही ठरवायचं न्हाई. ती न्हाई म्हणली, तर थांबायचं."

"थांबीन."

"आन् तू गं?" त्या सुनेकडं वळल्या. "मला सगळं सांगितलंस. ह्याला काही सांगितलंस का?"

नंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. रस्त्यानं कापसाचा टेम्पो धडधडत गेला. तो जाईपर्यंत ती थांबली, म्हणजे शब्द नीट ऐकू जावेत.

"मलाबी तुम्ही आवडता," ती म्हणाली... सासूच्या देखत, अगदी स्पष्ट.