पत्र्यावरचे ठोके

बसा डॉक्टर. हात पुसायला हे फडकं घ्या, स्टिअरिंगला लागलेलं ग्रीस माझ्याच हाताचं आहे. चहा टाकलाय. दिवाही लावतो, कारण या डोंगरावर धुकं उतरलं की चार वाजताच अंधारून येतं आणि समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. तुम्ही जीप खालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत नेऊन आणलीत, ते मी खिडकीतून पाहिलं. तिथे तुम्ही थांबलात, खाली उतरलात, मागे जाऊन आलात. का, ते मी शेवटी विचारणार आहे. आधी माझं ऐकून घ्या. तुम्ही गुरांचे डॉक्टर, रस्ता संपतो तिथून पुढे तुमचं काम सुरू होतं, तेव्हा अशी गाडी तुम्हाला हवीच. मलाही ती विकून टाकायची आहे. पण काही न सांगता दिली तर मला झोप लागणार नाही. तशीही लागत नाही म्हणा.

या पंपहाऊसवर मी एकवीस वर्षं आहे. इथलं काम डोळ्यांचं कमी आणि कानांचं जास्त. तीन पंप, एकाचा सूर दुसऱ्यात मिसळत नाही. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी मला झोपेतसुद्धा कळतं. साहेब लोक माझा कान वाखाणायचे आणि आमची ही हसायची. म्हणायची, यांना माझं बोलणं सोडून जगातलं सगळं ऐकू येतं.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला तीन वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी खाली शहरात डायलिसिस. चार तास मशीनवर, आणि जायला-यायला दीड-दीड तास. एखादा दिवस चुकला की पाय सुजायचे, दोन चुकले की आडवं पडता यायचं नाही, श्वास पुरायचा नाही. म्हणजे आमचा सगळा संसार त्या एका रस्त्यावर येऊन टेकला होता.

आणि तेव्हा आमच्याकडे होती ती पांढरी छोटी गाडी. ही तिला महाराणी म्हणायची, कारण तिचा मूड सांभाळावा लागायचा. पाऊस पडला की बंद, ऊन पडलं की बंद. शेवटी एका मंगळवारी घाटातल्या मधल्या चढावर महाराणी जी रुसली ती हललीच नाही. ही मागच्या सीटवर, ओठ निळे पडलेले, एका हाताने माझी बाही धरलेली. दुधाचा टेम्पो यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. त्यातली एक गोष्ट ही, की आता या रस्त्यावर कधीही बंद पडणार नाही अशी गाडी आणायची, मग ती कशी का असेना.

शहराच्या टोकाला एक मिस्त्री आहे. त्याच्या गॅरेजमागे ही जीप उभी होती. महाराणीच्या दुप्पट वयाची. रंग उडालेला, खिडक्यांना काचा नाहीत, वर ताडपत्री. पण मी बॉनेट उघडून इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिलो. एक सूर खोटा नव्हता. मिस्त्री म्हणाला, म्हातारी आहे पण दमणार नाही, चारी चाकांनी भिंतसुद्धा चढेल.

तुम्ही पाहिलंच असेल, ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी पत्र्याची भिंत आहे. मागे काय चाललंय ते दिसत नाही. मागे समोरासमोर दोन बाक आणि शेवटी खाली पडणारा फाळका. त्याची साखळी बाहेरून कडीत अडकवायची असते, आत बसलेल्याचा हात तिथे पोचत नाही. पूर्वी ही जीप याच डोंगरातल्या खाणीवर माणसं न्यायची. महाराणी तिथेच सोडून मी निघालो, तेव्हा मिस्त्री खिडकीशी आला.

"मागच्याने पत्र्यावर दोन ठोके दिले की निघायचं. एक दिला की थांबायचं. या गाडीला तीच सवय आहे."

मी म्हटलं, बसच्या घंटेसारखंच की.

"हो. आणि एकटे असाल तेव्हा वाट बघायची नाही. किल्ली फिरवायची आणि निघायचं."

का, असं मी विचारलं. तो पान्हा पुसत आत निघून गेला.

पुढचे पाच महिने आमचे सुखाचे गेले, हे मी आजही म्हणेन. डाव्या बाकावर गादी बांधली, उशी ठेवली. डायलिसिसनंतर तिला बसवायचं नाही, ती आडवी होऊनच यायची. मी तिला वर चढवायचो, फाळका लावायचो, पुढे येऊन बसायचो. दोन ठोके पडले की गिअर टाकायचा. हळूहळू तिला त्याची मजाच वाटायला लागली. मी पुढून ओरडून काहीतरी सांगायचो आणि पटलं तर ती दोन ठोके द्यायची. नाही पटलं तर एक, मग मी खरंच थांबायचो आणि ती आतून हसायची. चिखल, दगड, धुकं, काहीही असो, जीप कधी खोकलीसुद्धा नाही.

मग पावसात एकदा मी डिझेल आणायला एकटाच गेलो. पेट्रोल पंपावरून निघताना गिअरवर हात ठेवून बसून राहिलो. डोकं दुसरीकडेच होतं, इथल्या बदली ऑपरेटरला फोन करायचा होता. आपण कशाची वाट बघतोय हे लक्षात यायच्या आत...

दोन ठोके पडले. माझ्या पाठीच्या बरोबर मागे.

पत्रा गार होताना वाजतो, ते मला कळतं. हे ते नव्हतं. मी उतरून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. उजवा बाक, जो आम्ही कधीच वापरायचो नाही, तो तेवढा ओला होता, आणि भिजलेल्या पोत्याचा, दगडाच्या भुकटीचा वास येत होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी घरी उतरताना ही म्हणाली, आज वळणांवर मी जरासुद्धा घसरले नाही, कोणीतरी पाय धरून बसल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, पट्टा घट्ट बांधलाय. पट्टा मी बांधलाच नव्हता, घाईत विसरलो होतो. पुढच्या खेपेला तिने विचारलं, झोपेत उशी सरळ केलीत ती कधी? गाडी चालवणारा माणूस पत्र्यापलीकडची उशी कशी सरळ करणार? पण मी हो म्हटलं.

मला तेव्हाच भीती वाटली होती, डॉक्टर. जीप परत करायला हवी होती. पण महाराणीचे तुकडे होऊन गेले होते आणि मंगळवार परवावर आला होता. शिवाय मनात यायचं, जे काही आहे ते तिला सांभाळतंय ना, मग असू दे.

तो शुक्रवार आजच्यासारखाच होता, भरून आलेला. डायलिसिस सेंटरच्या पोर्चमध्ये गाडी मिनिटभरच लावू देतात. त्या दिवशी माझ्या मागे ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली आणि हॉर्नवर हॉर्न. वॉचमन हात हलवत होता. मी उतरलो नाही. नेहमी उतरायचो, त्या दिवशी नाही. बाजूच्या आरशात मला दिसलं, वॉर्डातल्या मावशी हिची चाकाची खुर्ची उतारावरून खाली आणतायत. मग आरशावर वाफ धरली. जीप डाव्या अंगाला जराशी कलली, माणूस चढताना कलते तशी. फाळका लागला. साखळीची कडी वाजली. दोन ठोके पडले.

मी निघालो.

वाटेत मी बोलत होतो. नवीन साहेबाची फजिती सांगितली, दोन ठोके आले. घरी गेल्यावर मऊ भात टाकतो म्हटलं, दोन ठोके आले. घाट चढेपर्यंत धुकं बॉनेटवर येऊन बसलं होतं. मोरी ओलांडत होतो आणि एक ठोका पडला.

एक म्हणजे थांबा. पण मागे ट्रक होता, रस्ता अरुंद, आणि घर समोर. मी ओरडून म्हटलं, अगं आलंच, दोन मिनिटं. परत एक ठोका पडला, जरा हळू. मी म्हटलं, थांबतो, वळण जाऊ दे. मग तिसरा... तो नखाने वाजवावा इतका बारीक होता. तोही मी ऐकला. माझा कान असा आहे की न ऐकल्याचं सोंगसुद्धा मला करता येत नाही.

वळण गेल्यावर मी थांबलो नाही.

इथे अंगणात आलो, मागे गेलो. साखळी कडीत होती. फाळका पाडला. गादी, उशी, पांघरूण एका बाजूला नीट घडी केलेलं. ती नव्हती. मला वाटलं पडली, वाटेत कुठेतरी पडली. बॅटरी घेऊन मी धावत मोरीपर्यंत गेलो, तिला हाका मारत. तिथेच फोन वाजला. सेंटरच्या सिस्टर होत्या. पेशंटला न घेताच कसे गेलात म्हणून त्या रागावल्या होत्या. हिची शाल आत राहिली म्हणून मावशींनी खुर्ची उतारावरूनच मागे फिरवली होती. परत येतात तर जीप नाही. घाटात माझा फोन लागेना, म्हणून दोघी पोर्चमध्ये माझी वाट बघत बसल्या. सव्वा तासाने हिचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं आणि ती खुर्चीतच कोसळली.

म्हणजे ती त्या दिवशी जीपमध्ये पाऊलसुद्धा ठेवू शकली नव्हती.

मी पोचलो तेव्हा ती आयसीयूत होती. बाहेर मावशी रडत होत्या. सांगत होत्या, बाई शेवटी बोलू शकत नव्हत्या, नुसती तळहाताने खुर्चीची पत्र्याची बाजू वाजवत होत्या. म्हणाल्या, मला कळलंच नाही, त्यांना काय हवंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. मला ओळखलं. मी वाकलो तेव्हा तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"तीनदा वाजवलं... एकेकच. तुम्ही थांबला नाहीत."

ते तिचं शेवटचं बोलणं. दुपारी गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी मिस्त्रीकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, एकटे असताना वाट पाहिलीत ना? मग सांगितलं. खाणीवरचा ड्रायव्हर एका पावसाळ्यात ठोक्यांची वाट न बघता निघाला होता. एक मजूर चढता चढता राहिला, फाळक्याला लोंबकळत याच मोरीपर्यंत गेला आणि तिथे हात सुटून मेला. तेव्हापासून जीप रिकामी असताना कोणी थांबलं, की त्याला वाटतं आपल्यासाठी थांबले. तो चढतो. आणि त्याला जागा लागते, एवढंच. मिस्त्रीवर मी हात उगारणार होतो, पण नियम त्याने सांगितला होता आणि मोडला मी होता.

गेले चार महिने मी रोज सकाळी अंगणातच त्या सीटवर जाऊन बसतो. गिअरवर हात ठेवून वाट बघतो, मुद्दाम. एकसुद्धा ठोका नाही, ना त्याचा, ना हिचा. इतका शांत पत्रा मी कधी ऐकला नाही. वाटलं, ती माझ्यावर रागावली आहे आणि आता कधीच वाजवणार नाही. म्हणून गाडी विकायला काढली.

आता सांगा डॉक्टर. मोरीपाशी का थांबलात?

...नीट आठवा. एकच? हळू, की जोरात?

नखाने वाजवावा तसा.

किल्ली इथे ठेवा. नाही, गाडी आता विकायची नाही, तुम्हाला हेलपाटा पडला त्याबद्दल माफ करा. ती रागावली नव्हती. इतके दिवस ती मोरीपाशीच माझी वाट बघत असेल, आज जीप आली तेव्हा तिला वाटलं असेल, मीच आलो.

थांबा. बोलू नका जरा... ऐकलंत? अंगणातून. ती साखळी कडीत पडली. फाळका तुम्ही उघडाच ठेवून आलात ना? मला वाटलंच.

आणि हे दोन ठोके. हे तिचे नाहीत. ती आत आहे आणि तो निघायला सांगतोय.

मला जायलाच हवं. त्या दिवशी जे केलं नाही तेवढंच करायचंय, मोरीपाशी ती एकदा वाजवेल आणि मी थांबणार आहे. चहा गाळून घ्या, साखर फडताळात आहे. माझ्या पाठोपाठ दार लावून घ्या आणि धुकं उठेपर्यंत इथेच बसा. मी परत आलो तर दारावर एकच ठोका देईन.

दोन पडले तर उघडू नका.