पाच खुर्च्या आणि एक क्रेट

मानवी संस्कृती पाच जाड्या माणसांच्या पाठीवर उभी आहे, असं माझं विचारपूर्वक बनलेलं मत आहे. ते मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "त्यातल्या एकाने दारातला बर्फ उपसला, तर संस्कृतीला गाडी बाहेर काढता येईल."

त्या पाचांतला मधला मी. काझिमिर बिएलाक. अमेरिकन फुटबॉलमध्ये मधल्याला सेंटर म्हणतात. चेंडू दोन पायांमधून मागे उभ्या असलेल्या देखण्या मुलाकडे द्यायचा आणि समोरून येणाऱ्या दीडशे किलोच्या माणसाला त्या मुलापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच काम. माझ्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. फोटो देखण्या मुलाचा छापून येतो. आमच्यापैकी कुणी चुकला की पंच ओरडून सांगतो, तेही नाव नव्हे, नंबर.

आणि सहावा वेंडेल पर्व्हिस.

वेंडेल पाचही जागांवर खेळायचा. हे वाटतं तेवढं सोपं नाही. उजवीकडचा माणूस डावीकडे नेला की आरशात पाहिल्यासारखं सगळं अंग उलटं करावं लागतं. जमिनीवर टेकायचा हात बदलतो, मागचा पाय बदलतो. आम्ही बाकीचे बदललो की स्वतःच्याच पायात अडकून पडायचो. वेंडेल सामन्याच्या सकाळी विचारायचा, "आज कोण मोडलाय?" आणि त्याच्या जागी असा बसायचा, जणू आईने त्याला तिथेच जन्म दिला. पेपरवाले त्याला अष्टपैलू म्हणत. अष्टपैलू म्हणजे कोण, हे मला फार उशिरा कळलं. ज्याला स्वतःची बाजू नसते तो.

दर गुरुवारी आम्ही एरी गावाच्या पूर्वेला, डोलोरेसच्या बारमध्ये जेवायचो. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने तिचं दार आपोआप उघडतं, म्हणून आत एक वीट ठेवलेली असते. लांब टेबल, आणि त्याच्या एकाच बाजूला ओळीने पाच ओक लाकडाच्या खुर्च्या. मैदानात ज्या क्रमाने उभे राहायचो, त्याच क्रमाने बसायचं. समोर भिंत. वेंडेल उजव्या टोकाला बिअरच्या लाकडी क्रेटवर बसायचा. कुणी दवाखान्यात असला तर त्या आठवड्यापुरती त्याची खुर्ची वेंडेलला. तो बरा होऊन आला की सगळे एका सुरात ओरडायचो, "वेंडेल, ऊठ!" तो हसत उठायचा. टेबलावरची बरणी, पाव, नॅपकिन टोकापर्यंत पोचवायचं काम त्याचंच. हॉर्सरॅडिशची, म्हणजे नाकात झोंबणाऱ्या तिखट मुळाच्या चटणीची, बरणी देताना तो चमच्याचा दांडा घेणाऱ्याकडे वळवून द्यायचा. एवढ्या थोराड बोटांना इतकी रीत कुठून आली, देव जाणे.

आमचा संघ पुढे मालकासकट दुसऱ्या शहरी निघून गेला. खुर्च्या राहिल्या. वर्षातून एकदा, जानेवारीतल्या शेवटच्या गुरुवारी, आम्ही दुपारचे जमायला लागलो. आमच्यातला कुणी गेला की त्याची खुर्ची टेबलाला टेकवून कलती ठेवायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही.

डावा टॅकल गेला, डावा गार्ड गेला, उजवा टॅकल गेला. राहिलो मी, उजवा गार्ड रोलंड तिबोडो, आणि टोकाला क्रेटवर वेंडेल. एव्हाना त्याच्या दोन्ही गुडघ्यांत धातू होता आणि क्रेटवरून उठायला त्याला टेबलाचा आधार लागायचा.

"लेको," तो मागच्या जानेवारीत म्हणाला, "तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. एक मला द्या की. मरेपर्यंत. माझी म्हणून."

"कुठली?" रोलंड म्हणाला. "तू कुठला आहेस, तेच आधी ठरव."

"कुठलीही चालेल."

"हेच तर तुझं दुखणं आहे." रोलंड हसला. "मेलेल्याची जागा द्यायची नाही. नियम म्हणजे नियम. काय रे काझ?"

मी पावाचा घास घेतला होता. मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

वेंडेल हसला. ऑक्टोबरात तो गेला. कलती करायला त्याची खुर्चीच नव्हती. डोलोरेसने क्रेट तळघरात नेऊन ठेवला.

ह्या जानेवारीत बर्फ असा पडत होता की समोरचं चर्च पुसून टाकल्यासारखं झालं होतं. मी वेळेवर पोचलो. रोलंड आला नव्हता. माझ्या उजवीकडे त्याची खुर्ची सरळ उभी, टेबलात सरकवलेली. डोलोरेस आत मांस कापत होती.

इथे एक सांगायला हवं. परक्या मैदानात प्रेक्षक इतके किंचाळतात की देखण्या मुलाचा आवाज पोचत नाही. मग उजवा गार्ड मागे वळून त्याची खूण बघतो आणि सेंटरच्या मांडीवर थाप मारतो. थाप पडली की सेंटरने मान हलवायची आणि चेंडू द्यायचा. रोलंड तळहाताने मारायचा, घोड्याला मारावी तशी. ज्या हंगामात त्याचा गुडघा मोडला, त्या हंगामात थाप वेंडेलची होती. उलट्या मुठीने, पेरांनी, दोनदा. दार वाजवल्यासारखी.

मी भिंतीकडे बघत बसलो होतो. माझ्या उजव्या मांडीवर पेरांनी दोनदा टकटक झाली.

माझी मान हलली. उजवा हात आपसूक दोन पायांमध्ये मागे गेला. बिअरचा ग्लास कोपर लागून फुटला.

"काय झालं रे?" आतून डोलोरेस.

"काही नाही. ग्लास."

मी उजवीकडे बघितलं. रोलंडची खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली होती. तिच्यावरची जुनी गादी मधोमध दबलेली होती.

मग फोन वाजला. रोलंडची मुलगी होती. बाबा बर्फ उपसताना अंगणात कोसळले. श्वास चालू आहे. आज येणार नाहीत.

मी गादीकडे बघत "बरं" म्हणालो.

रोलंड वाचला. मार्चमध्ये, सरोवरावरचा बर्फ तडकायला लागल्यावर, तो काठी टेकत डोलोरेसकडे आला. अर्धा झाला होता. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार काय?

खुर्ची तशीच मागे ओढलेली. बसण्याआधी त्याने ती जराशी पुढे घ्यायला हात लावला.

हलली नाही.

"फरशी पॉलिश केलीये," डोलोरेस म्हणाली. "चिकटली असेल."

आम्ही दोघांनी मिळून ओढली. आयुष्यभर माणसं ढकललेले चार हात. मी खाली वाकून कालच्या पेपरचं पान एकेका पायाखालून सरकवून बघितलं. चारही पायांखालून ते सहज निघालं.

खुर्ची हलली नाही.

रोलंड गादीकडे बघत राहिला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "वेंडेल, ऊठ!"

दारामागची वीट वाऱ्याने किंचित घासली. बाकी काही नाही.

"वेंडेल," रोलंड हळू म्हणाला. "ऊठ ना रे."

मग त्याने काठी टेबलाला टेकवली.

"डोलोरेस," तो म्हणाला, "तो क्रेट कुठाय?"

तिने आणून दिला. उजव्या टोकाला. रोलंड त्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीशी आले. मी माझ्या जागेवर. आमच्यामध्ये ती खुर्ची, आणि उजव्या टॅकलची कलती खुर्ची. डोलोरेसने पावात घातलेलं मांस दोघांपुढे ठेवलं, बरणी आणि मीठ माझ्यापुढे, आणि ती आत गेली.

"काझ," रोलंड म्हणाला, "हॉर्सरॅडिश."

माझा नॅपकिन खाली पडला होता. मी वाकलो, उचलला, वर आलो.

बरणी रोलंडपुढे होती. चमच्याचा दांडा त्याच्याकडे वळवलेला.

रोलंडने ती उघडली. भरपूर फासली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉर्सरॅडिश नाकात जाते, तसं होतं. मग माझ्याकडे न बघता, त्या खुर्चीकडे मान वळवून तो म्हणाला,

"आणि मीठ."