नकटीला सामानात टाकणार?

“पप्पा, नकटी म्हणजे काय सुटकेस आहे का? ती सामानात नाही जाणार!” कीर्ती तिसऱ्यांदा ओरडली.

“अगं, वजन जास्त भरलंय तिचं! केबिनमध्ये, आपल्यासोबत घेत नाहीत. हंबीररावांनी स्वतः काट्यावर ठेवून बघितलंय,” पप्पा वैतागून म्हणाले.

पप्पांची दिल्लीला बदली झाली होती. परवा पुण्याहून विमान होते. नकटी म्हणजे कीर्तीची पांढरीशुभ्र, बसक्या नाकाची मांजर. अशा मांजरांना विमानाच्या पोटात धाप लागते, शक्यतो जवळच ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण प्राण्यांच्या प्रवासाची कामे करणारे हंबीरराव ‘कार्गो’, म्हणजे सामानातच, म्हणाले आणि पप्पांनी मान डोलावली!

कीर्तीने धाकट्या आर्जवला आणि शेजारच्या दीपमालाला गोळा केले. नकटीला कापडी बॅगेत घालून तिघे थेट गावातल्या मार्केट यार्डात, काकांच्या हळदीच्या दुकानात पोहोचले. काट्यावर बॅग ठेवताच आर्जवने उडीच मारली.

“बॅगेसकट केबिनच्या मर्यादेत बसतंय! आरामात बसतंय!”

नकटी मात्र फटाफट शिंकत होती. घरी परतेपर्यंत ती पिवळीधमक झाली होती.

“हे काय केलंत मांजराचं?” आई किंचाळली.

“पप्पा, वजन बरोबर आहे!” कीर्ती म्हणाली.

“हळदीचा काटा आणि विमानाचा काटा सारखा असतो होय?”

“किलो म्हणजे किलोच ना?” आर्जव पुटपुटला. पण पप्पांचा फोन वाजला आणि त्यांनी हातानेच ‘नंतर’ अशी खूण केली. कीर्तीला रडूच यायला लागले. या घरात कुणाला कान आहेत की नाही!

“हंबीररावांनी नकटीचं वजन कशात केलं गं?” दीपमालाने विचारले.

व्हरांड्यात त्यांनी दिलेली लाकडी पेटी होती. मांजराला सवय व्हावी म्हणून पप्पांनी ती आणून ठेवली होती. कीर्तीने ती उचलायला हात घातला. पेटी हलेचना!

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

“सांगून कोण ऐकतंय? दाखवूया!” कीर्ती म्हणाली.

सकाळी पेटीवर चादर टाकलेली होती. “पप्पा, शेवटचं एकदा वजन करा. मग आम्ही एक शब्द बोलणार नाही.”

शांतता मिळणार म्हणून पप्पा लगेच तयार झाले. “केवढी जड झालीये ही!” असे कुरकुरत त्यांनीच पेटी गाडीत ठेवली. दीपमाला कापडी बॅग पोटाशी धरून मागे बसली.

ऑफिसात हंबीररावांच्या कानाला नेहमीसारखा फोन होताच. त्यांनी पेटी काट्यावर ठेवायला लावली आणि आकड्याकडे बोट दाखवले.

“बघा सायेब, आजबी जास्तच! मी काय खोटं बोलतोय व्हय? मांजर लय खातंय तुमचं!”

“काका, नक्की कार्गोच?” कीर्तीने विचारले.

“व्हय गं पोरी! डोळ्यांसमोर हाय की!”

कीर्तीने चादर ओढली. पेटीत काहीच नव्हते! नुसत्या फळ्या आणि कोपऱ्यातली पाण्याची वाटी.

“म्यांव!” दीपमालाच्या बॅगेतून पिवळसर डोके बाहेर आले.

“अहो हंबीरराव, तुम्ही पेटीचं वजन मांजराच्या नावावर घातलंत?” पप्पांचा आवाज चढला.

“आवं, ती मोठ्या कुत्र्याची पेटी... कालबी पेटीसकटच...” हंबीररावांनी पहिल्यांदाच फोन खाली ठेवला.

“आधी केबिनमध्ये जागा आहे का ते विचारा!” कीर्ती ओरडली.

त्यांनी घाईघाईने विमान कंपनीला फोन लावला. केबिनमध्ये प्राण्यांसाठी एकच जागा उरली होती! नकटीचे बॅगेसकट वजन झाले, नाव लागले, तेव्हा कुठे कीर्तीने श्वास सोडला.

गाडीत पप्पांनी कपाळावर हात मारला. “पेटी मी स्वतः उचलली,” ते म्हणाले, “आणि एकदाही आत डोकावलो नाही. शाबास रे पोरांनो! दीपमाला, तुझा एक प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नाही बघ.”

दुसऱ्या दिवशी दीपमालाला निरोप देऊन मंडळी निघाली. सातारा गेले, घाट गेला, नकटी मांडीवर घोरत होती.

पुण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी विचारले, “मांजर कुठे जाणार? केबिन की कार्गो?”

पप्पांनी कीर्तीला पुढे केले.

“यांना विचारा. मांजराच्या बाबतीत आमच्या घरी यांचंच चालतं.”