अर्ध्यावर अडलेला काटा

हे खरे घडलेले आहे. लोकांच्या करमणुकीसाठी भुतेखेते रचणारी बाई मी नव्हे.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती. आमच्याच घरामागच्या गॅरेजात, माझ्या थोरल्याच्या डोळ्यांदेखत हे घडले.

गाडी ह्यांची. ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. पेट्रोल अर्ध्याखाली उतरू द्यायचे नाही, हा ह्यांचा दंडक. किल्ली फिरवण्याआधी मीटरच्या काचेवर नखाने वाजवून पाहायची सवय...

टक्... टक्.

ते गेले आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच अडून बसला. त्याच्यावर विसंबून थोरला एकदा कोरड्या टाकीनिशी भर माळावर अडकला. आता तर सुनेचे दिवस भरले होते. दवाखाना दोन तासांवर.

सकाळपासून तो घामाघूम झाला होता. फ्यूज शाबूत. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट बाहेर काढून हाताने वरखाली केला.

काटा ढिम्म.

नवा फ्लोट जोडला. वायर बदलली.

ढिम्म.

"अहो, दोन घास खाऊन तरी घ्या," सून दारातून म्हणाली.

"हा मेला काटा खाऊ देईल तर ना!" त्याने पाना भिरकावला.

शेवटी त्याने मीटरच उपसून टेबलावर ठेवला. एकही वायर जोडलेली नाही. वीज तुटली की हा काटा तळाला पडतो.

पडला नाही.

अर्ध्यावरच.

आणि मग...

टक्... टक्.

थोरल्याने आपल्या हातांकडे पाहिले. दोन्ही हात पुसायच्या फडक्यात होते.

"आई!"

मी गेले. पाहिले. ओळखले.

"अहो," मी गाडीतल्या रिकाम्या सीटला म्हणाले, "पुरे झाले. सुनेला न्यायचे आहे. वाटेत गाडी थांबली तर कुणाला तोंड दाखवाल? पोराला काम करू द्या."

काटा थरथरला... आणि सावकाश तळाला गेला.

"आई, कुणाशी बोललीस?"

"मीटर बसव. उगाच वेळ दवडू नकोस."

तेव्हापासून काटा खरे सांगतो. सून वेळेत पोहोचली, नातू सुखरूप झाला.

पण दुपारी मी जरा आडवी झाले, की उशाशी काढून ठेवलेल्या माझ्या चष्म्याच्या काचेवर...

टक्... टक्.

"माझ्यात अजून पुष्कळ शिल्लक आहे," मी डोळे न उघडता दटावते. आवाज थांबतो.

काल थांबला नाही.