दुसरे माप

दिवेलागणीला वीज गेली, तेव्हा ती शिवणकाम करणारी माउली लेकाच्या नव्या सदऱ्याचे माप घ्यायला उठली होती. उद्या तो दूरच्या नोकरीवर जायचा होता, जवळजवळ कायमचाच. देवापुढच्या निरांजनाची वातही नेमकी विझली. पण तिला उजेडाची गरज नव्हती. बोटांना कळावे म्हणून तिने टेपवर दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्या होत्या.

"सरळ उभा राहा रे. पोक काढू नकोस."

समोरचा निमूट उभा राहिला. तिने खांदा चाचपला. तो तिच्या कमरेपाशी लागला. हाडे कोवळी, मानेला उन्हात हुंदडून आलेल्या पोराच्या घामाचा वास...

तेवढ्यात मागच्या खोलीतून लेकाचा भरदार आवाज आला, "आई, मेणबत्ती सापडेना! आणि तू बोलतेयस कुणाशी?"

तिने त्या कोवळ्या खांद्यावरचे हात काढून घेतले नाहीत. 'माझे लेकरू हरवले,' असे ती एकदा म्हणाली होती, तेव्हा लेक खो-खो हसला होता. "अगं, मी काय मेलोय? ताडमाड वाढलोय, एवढंच!" शेजारणींनीही थट्टा केली होती. मग रडायचे तरी कोणासाठी?

"मी पण... त्याच्याबरोबर जाऊ?" अंधारात बारीक स्वर उमटला. चिमुकली पावले मागच्या खोलीकडे वळली.

आणि तिथून लेकाची हाक आली. पण आवाज भरदार नव्हता. "आई... मला भीती वाटते... उचलून घे ना..."

तिने ते चिमुकले मनगट गच्च धरले. "नाही. त्याला मोठा होऊन जाऊ दे. तू इथे राहायचंस, माझ्यापाशी. देवा, एवढे बळ दे."

वीज आली. तिची मूठ रिकामी होती. दारात लेक उभा, हातात मेणबत्ती. "घ्या! सापडली आणि वीज आली. नशीब बघ माझं!" आवाज पुन्हा घोगरा, पुरुषी.

सकाळी तिने त्याला हसून निरोप दिला. मग उरलेल्या कापडाचा एक लहानसा सदरा शिवला, खुंटीला अडकवला आणि त्याच्यासमोर बसून पहिल्यांदाच पोटभर रडली.

संध्याकाळी सदरा काढू गेली, तर तो अंगातून नुकताच उतरवल्यासारखा उबदार लागला. खांद्यांवरची शिवण आतून ताण पडून उसवली होती, वाढत्या अंगाने उसवते तशी.