झोपडीतून निघालेला पक्षी

“ढापण्या, दुर्बीण दे. मघापासून तूच चिकटून बसलायस.”

“थांब गं ताई. एक सुरय पक्षी बायकोसाठी मासा घेऊन आलाय. ती घेते का बघू दे.”

“घेईल. ती काही तुझ्यासारखी जेवणात नखरे करत नसेल,” मिरची म्हणाली.

तिघं कुजबुजत भांडत होती, कारण मोठ्याने भांडायला बंदी होती. पक्षी बघायची ती लाकडी झोपडी तळ्यात खांबांवर उभी होती. तिच्या दोन भिंतींना आडव्या फटी होत्या. एका फटीतून समोरचं वाळूचं बेट दिसे, दुसरीतून पलीकडच्या काठावरचा उंच मनोरा. मिरचीचे बाबा या अभयारण्याचे राखणदार. ताई आणि ढापण्याचे ते मामा. सुट्टीला आलेल्या भाच्यांना आणि लेकीला त्यांनी सकाळी इथे आणून बसवलं, मोबाइल काढून घेतले आणि बजावलं, “सुरयांची अंडी उघड्या वाळूवर आहेत. आईबाप सावली धरून बसतात म्हणून वाचतात. तुम्ही ओरडलात की सगळे उडणार. मग काही अंडी ऊन भाजेल, उरलेली कावळे नेतील. दुपारी घ्यायला येतो.”

बाहेर फळ्यांच्या वाटेवर पावलं वाजली. तिघांनी श्वाससुद्धा आवरला. दाराशी खट्ट झालं आणि पावलं आली तशी परत गेली.

ताईने दार ढकललं. दार हललं नाही.

“सुतारकाका असणार,” मिरची म्हणाली. “माकडं आत घुसतात म्हणून ते दिसेल त्या दाराला बाहेरून कडी घालतात.”

“आत माणसं आहेत का ते बघायला नको?”

“आपण इतके शहाण्यासारखे गप्प होतो, त्यांना झोपडी रिकामीच वाटली असेल.”

ढापण्याला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. छपराचा पत्रा तापू लागला. बाटलीत पाणी बूडभर उरलं होतं. मिरचीने फटीतून डोकं बाहेर काढायचा प्रयत्न केला. कान लाल झाले, डोकं काही जाईना. ताई दाराला पाठ लावून बसली आणि भाऊ घाबरू नये म्हणून स्वतः घाबरली नसल्यासारखं करू लागली.

“ताई, बेटाजवळचा तो खांब मघाशी एवढा उंच होता?” ढापण्याने विचारलं.

तिने पाहिलं. खांबाचा खालचा भाग ओला, हिरवागार दिसत होता. तो भाग सकाळी पाण्याखाली होता.

“उन्हाने आटलं असेल,” मिरची म्हणाली.

“एका सकाळीत? तळं आहे की चहाचं आधण?”

मिरची विचारात पडली. मग तिचा चेहरा उतरला. “फळ्यांच्या वाटेचे खांब डुगडुगतायत. पाणी उतरल्याशिवाय हात घालता येत नाही, म्हणून काका कालच कुरकुरत होते. त्यांनी बंधाऱ्याच्या मोरीतल्या, पाणी अडवणाऱ्या फळ्या काढल्या असणार. बाबांना न विचारता. पिल्लं उडेपर्यंत बाबा थेंबभर पाणी सोडू देत नाहीत.”

“का पण?”

उत्तर काठावरच उभं होतं. बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाची पाठ वर आली होती आणि काही भटकी कुत्री ती हुंगत होती. एकाने पाय टाकला, तो पोटापर्यंत रुतला, कुत्रं मागे फिरलं. पण गेलं नाही. तिथेच जीभ काढून बसलं. मनोऱ्यावरून ही बाजू दिसत नव्हती, मध्ये उंच लव्हाळं होतं.

मिरचीने तोंड उघडलं. ताईने त्यावर हात ठेवला.

“ओरडलीस तर कुत्र्यांचं काम आपणच करू.”

“आणि नाही ओरडले तर?”

ताईने हात काढला. ती उठून मनोऱ्याकडच्या भिंतीशी गेली.

दुसऱ्या फटीतून मनोऱ्यावरची टोपीवाली मंडळी दिसत होती. सगळ्यांच्या दुर्बिणी लांबच्या बदकांकडे. ताईने रुमाल बाहेर काढून हलवला. एका आजोबांनी तो पाहिला, प्रेमाने हात हलवला आणि पुन्हा बदकांना डोळा लावला.

“आपण दिसून काय उपयोग?” ढापण्या चिडून म्हणाला. “आपण काय पक्षी आहोत?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मिरचीची मिटलेली काळी छत्री अंग झाली. तिच्या टोकावर ढापण्याचा निळा मोजा चढला, आत रुमाल कोंबून त्याचं डोकं केलं. ताईच्या पिवळ्या कंगव्याची चोच आणि मिरचीच्या लाल रिबिनीचा तुरा. बेटावरच्या पक्ष्यांना दिसू नये म्हणून ते ध्यान मनोऱ्याच्या बाजूने हळूच बाहेर सरकलं आणि मान वळवून इकडेतिकडे बघू लागलं.

मनोऱ्यावर धांदल उडाली. बदकं सगळे विसरले. कोण कॅमेरा काढतोय, कोण दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतोय.

“जाळ्यात सापडले,” ढापण्या पुटपुटला.

भिंतीवरचा पक्ष्यांचा तक्ता काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर ताईने स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी सोडलंय. कुत्री बेटाकडे. आम्ही कोंडलोय. तिने तक्ता फटीतून धरला, पण कोणी वाचेना. सगळे पक्ष्याकडेच बघत होते.

“अगं, त्याच्या चोचीत दे,” मिरची म्हणाली.

तक्ता चोचीखाली लटकला. मनोऱ्यावरच्या सगळ्या दुर्बिणी तक्त्यावर थांबल्या. मग आजोबा जिन्याकडे धावले, त्यांच्या वयाला न शोभेल इतक्या जोरात.

थोड्या वेळाने मामा बंधाऱ्याकडे पळताना दिसले. मागोमाग सुतारकाका चिखलात उतरले आणि हातात बांबू घेऊन कुत्र्यांसमोर गुडघाभर गाळात उभे राहिले. मोरी बंद झाली, तरी वरच्या ओढ्याच्या पाण्याने तळं भरायला वेळ लागणार होता. काका उभेच राहिले. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. शेवटी कुत्री कंटाळून निघून गेली.

या सगळ्या गडबडीत झोपडीचं दार उघडायचं मात्र कोणालाच आठवलं नाही.

उन्हं कलल्यावर एकदाची कडी वाजली. दारात मामा, धापा टाकणारे आजोबा आणि चिखलाने माखलेले काका. काकांनी मान खाली घातली. “पोरांनो, आधी आत बघायला हवं होतं. आणि आधी विचारायलाही.”

“सगळी घरटी शाबूत आहेत,” मामा म्हणाले. “ओरडायची इतकी गरज असताना तुम्ही ओरडला नाहीत. मला तुमच्या वयात जमलं नसतं.”

“इतकी वर्षं पक्षी बघतोय,” आजोबा म्हणाले, “पण एवढ्या कामाचा पक्षी पहिल्यांदाच पाहिला.”

“चला, सुटलात. बाहेर या,” मामांनी हात पुढे केला.

कोणी उठलं नाही. तिन्ही डोकी बेटाकडच्या फटीला चिकटली होती. वाळूच्या रंगाचं एक पिल्लू आईच्या पोटाखालून बाहेर येऊन, धडपडत, पाण्याकडे निघालं होतं.

“बाबा, आत या,” मिरची मागे न बघता कुजबुजली. “आणि दार लावून घ्या.”