चार शिवदास मोहिते

माझा धंदा फ्लेक्सचा. भांडुप पश्चिमेला माझा गाळा आहे, आत एक मोठं प्रिंटिंग मशीन आणि शाईचा असा उग्र वास की नवीन माणूस दोन मिनिटांत बाहेर जाऊन उभा राहतो. वाढदिवस, बारसं, दहावीचा निकाल, सत्यनारायण, सगळं करते मी. पण सगळ्यात घाईचं काम श्रद्धांजलीचं. माणूस सकाळी गेला की दुपारपर्यंत त्याचा फ्लेक्स नाक्यावर लागायलाच हवा, नाहीतर मंडळाची अब्रू जाते.

म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. विभागातल्या नावाजलेल्या माणसांचे फोटो आधीच कापून, चेहरा उजळवून कॉम्प्युटरमध्ये तयार ठेवायचे. तोच फोटो वाढदिवसाला, तोच सत्काराला आणि शेवटी त्याच फोटोला हार. बाहेरच्यांना हे ऐकून कसंतरी होतं. मला कधी काही वाटलं नव्हतं.

माझ्याकडे 'शिवदास मोहिते' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात चार माणसं.

पहिले चारकोपचे, जुने कबड्डीपटू. दुसरे घाटकोपरचे मोहिते सर. मूळ साताऱ्याकडचे, बौद्ध कुटुंबातले. वस्तीत चाळीस वर्षं अभ्यासिका चालवून त्यांनी किती पोरांना नोकरीला लावलं याची मोजदाद नाही. तिसरे डबलबारी भजनातले शिवदासबुवा मोहिते, कुडाळकडचे. गिरणी बंद पडली तसे भजनात शिरले आणि समोरच्या बुवाला रात्रभर गाण्यातून सवाल टाकून रडकुंडीला आणण्यात त्यांनी नाव कमावलं. हे माझे बाबा. चौथा बोरिवलीचा, तिशीतला, अग्निशमन दलातला जवान. मागच्या वर्षी एका जळत्या इमारतीतून त्याने दोन म्हाताऱ्यांना खांद्यावरून खाली आणलं, तेव्हा त्याच्या सोसायटीने अभिनंदनाचा फ्लेक्स माझ्याकडून करून घेतला होता. फोटोत त्याच्या कडेवर त्याची दोन वर्षांची मुलगी आहे.

पहिल्या तिघांची नावामुळेच ओळख झाली. बाबांना कबड्डीच्या उद्घाटनाचं बोलावणं यायचं, सरांना भजनाची सुपारी. वर्षातून एकदा तिघं आमच्याकडे वडे-सागोतीला जमायचे आणि एकमेकांना नावाने हाक मारून स्वतःच 'ओ' द्यायचे. सत्तरीतली माणसं, पण पोरकटपणा जात नव्हता.

एप्रिलमध्ये कबड्डीवाले काका गेले. त्यांच्या मंडळाचा विकी फोनवर म्हणाला, "ताई, अर्जंट हां. दुपारपर्यंत दे, यार." मी त्यांचाच फोटो लावला. हे मी शपथेवर सांगते. प्रिंट निघाली तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. गुंडाळी करून पाठवून दिली.

तासाभरात विकीचा फोन. "ताई, वाट लागली! हा कोण चष्मेवाला? आमचा माणूस कुठेय?"

नाक्यावर मोहिते सर लागले होते. हार घालून, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

मी चूक माझीच धरली. एकाच फोल्डरमध्ये असे फोटो ठेवल्यावर दुसरं काय होणार? फक्त एक गोष्ट खटकली. मागाहून फाइल उघडून बघितली, तर त्यात कबड्डीवाले काकाच होते. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही, दुसरा फ्लेक्स काढून दिला आणि सरांची माफी मागायला घाटकोपरला गेले.

सर हसले. म्हणाले, "अगं, मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. माझं वाढवलंस तू. चहा घे."

अकराव्या दिवशी सर गेले. सकाळी अभ्यासिकेचं कुलूप काढता काढता पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

त्यांची मुलगी जया स्वतः गाळ्यावर आली. डोळे सुजलेले, पण बोलणं स्पष्ट. "मानसी, 'कैलासवासी' नको, 'कालकथित' लिही. निळी किनार. हार नको, पांढरी फुलं. आणि या वेळी... बाबांचाच फोटो लागेल ना गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला म्हटलं, तू जा, संध्याकाळी मी स्वतः घेऊन येते. मग फाइल तीनदा तपासली. सरांचा चष्मा, सरांचं हसू, खाली कालकथित शिवदास मोहिते. दुपारचे तीन वाजले होते. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट, समोर वडापावची गाडी, कढईचा चरचराट. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं.

फ्लेक्स एकदम निघत नाही. मशीनचं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, परत येतं, आणि बोट-बोटभर पट्टीने चित्र खाली सरकत येतं. सर्र... टक. सर्र... टक. मी या वेळी समोरच उभी राहिले. निळी किनार आली. पांढरी फुलं आली. मग केस यायला हवे होते. सरांचे केस भरपूर, मागे वळवलेले.

काळं आलं, पण ते केस नव्हते. टोपी होती.

सर्र... टक. टोपीखाली कपाळ आलं. कपाळावर गंध. सरांनी जन्मात गंध लावलं नाही. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावर सर हसत होते. मशीनमधून भुवया आल्या, डावीत एक कापल्याची खूण... ती खूण मी लहानपणी बोट फिरवून फिरवून पाठ केलेली.

मी मशीन बंद केलं. तो तुकडा फाडला, पुन्हा प्रिंट लावली. पुन्हा टोपी. मग तीच फाइल मुलुंडला सुयोगच्या छपाईत पाठवली. त्याचं मशीन वेगळं, शाई वेगळी. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"मानसी... बुवांना काय झालं गं? कधी?"

"काही नाही झालं. फाड ते. आत्ता फाड!"

बाबा तेव्हा घरी होते. मी फोन केला तर पलीकडे पेटी वाजत होती आणि ते म्हणाले की रियाज चाललाय, बोल लवकर. मी काहीच बोलले नाही. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. सरांना अकरा दिवस मिळाले होते. बाबांना किती?

आता पुढे जे केलं त्याची मला लाज वाटते. पण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. मी ते फोल्डर उघडलं. चौथा फोटो घेतला. कडेवरची मुलगी कापून काढली, नुसता तो ठेवला. चौकट तीच, नाव तेच. मनात म्हटलं, बाबांच्या जागी हा जाईना का, याला मी ओळखत नाही. हा रोज आगीत उडी मारणारा माणूस, याला काहीही होऊ शकतं. त्याला माझं निमित्त कशाला हवं?

आणि प्रिंट बिनचूक निघाली. तरुण कपाळ, दाट भुवया, टोपी नाही, गंध नाही. मला आनंद झाला. खरंच झाला. मी तिथेच मशीनला टेकून रडले आणि हसले.

"हो कोण गे?"

बाबा दारात उभे. मी फोनवर बोलले नाही म्हणून रिक्षा करून आले होते. टेबलावरचा फ्लेक्स त्यांनी वाचला, मग जमिनीवर पडलेले फाटके तुकडे उचलले. एका तुकड्यावर टोपी, एकावर कपाळ. भजनात समोरच्याचा सवाल अर्ध्यात ओळखणारा माणूस तो. मला फार सांगावं लागलं नाही.

"ह्येका चेडू आसा मां?" त्यांनी त्या मुलीबद्दल विचारलं. "गेल्या वर्षी तूच दाखवलेलंस. कडेर होता."

"बाबा, मला ते काही माहीत नाही. मला तुम्ही हवे आहात."

"माका सत्तर झाली, मानसी."

"मग काय झालं? ऐंशी होऊ देत!"

त्यांनी तो फ्लेक्स घेतला, माझी मोठी कात्री घेतली आणि त्या पोराच्या चेहऱ्याला धक्का न लावता नावाची पट्टी कापून वेगळी केली. मग मशीनसमोरच्या स्टुलावर येऊन बसले. "माजो काढ," म्हणाले. "माज्या नावान, माज्या फोटोन. तोपर्यंत मी हयसून उठूचंय नाय."

मी भांडले. वाटेल ते बोलले. बाहेर वडापाववाला वळून बघायला लागला. बाबा हलले नाहीत. शेवटी मी बसले कॉम्प्युटरवर. स्वतःच्या जिवंत बापाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स, आणि तो बाप पाठीमागून चुका काढतोय! "डबलबारी मोठा लिव. त्या नगरसेवकाचो फोटो कित्याक? काढ तो. तो काय माज्या मयताक येवचो नाय." मला त्याही वेळी हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच रडू आलं.

जन्माची तारीख घातली. मृत्यूच्या तारखेपाशी मी थांबले.

"थंय काय नको," ते म्हणाले. "जागा रिकामी ठेव."

प्रिंट निघायला लागली. बाबा बघत होते, पण चेहऱ्यापर्यंतच. स्वतःचं कपाळ, डोळे, मिशी आली तसे ते उठले, म्हणाले, "बरो इलोसा," आणि चहा सांगायला बाहेर गेले. मशीन चालूच होतं. सर्र... टक. नाव आलं. जन्म आला. शेवटची पट्टी खाली सरकली.

जागा रिकामी नव्हती.

मी पडद्यावर बघितलं. तिथे काही नव्हतं. फ्लेक्सवर मात्र माझ्याच नेहमीच्या अक्षरवळणात, यंदाचं साल घालून स्वच्छ लिहिलं होतं : १३ डिसेंबर.

बाबा चहाचे दोन ग्लास घेऊन वळेपर्यंत मी खालची ती पट्टी कापली, चार घड्या घातल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात सारली. उरलेला फ्लेक्स त्यांनी स्वतः गुंडाळून घरी माळ्यावर ठेवला. त्यानंतर सरांची प्रिंट लावली. पहिल्याच खेपेला सर आले, चष्म्यासकट. संध्याकाळी अभ्यासिकेबाहेर लागले. जया माझ्या गळ्यात पडून रडली.

बोरिवलीचा तो शिवदास ठणठणीत आहे. गणपतीत मी मुद्दाम चौकशी केली. बाबाही ठणठणीत आहेत. अकरा दिवस गेले, मग एकवीस, मग पावसाळा गेला. अकराव्या दिवशी बाबांनी स्वतः मटण आणलं, म्हणाले, आयुष्य वाढलं आपलं. मीही हसले. पट्टीचं त्यांना सांगितलं नाही. घरात कोणालाच नाही. कोणाला कळणार नाही इतक्या बेताने मी त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळते, जिन्यावर पुढे चालते, रात्री त्यांचं घोरणं थांबलं की उठून बसते.

काल मुलुंडच्या एका मंडळाचा फोन आला. डबलबारी ठेवायची आहे, बुवा हवेत, तारीख चौदा डिसेंबर. फोन स्पीकरवर होता. मी भाजी निवडत होते, हात तसाच राहिला.

बाबा म्हणाले, "बारापर्यंत काय ता सांगा. त्येच्या फुडे मी नाय."

"का हो बुवा? गावी जाताय?"

"तसाच समजा."

फोन ठेवून त्यांनी पेटी पुढे ओढली. भाता उघडला. सूर धरायच्या आधी माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"ती पट्टी पर्सात ठेव नको गे. घडयेर शाई सुटता. माज्या फ्लेक्साक परत चिकटव."